पंचाहत्तर मैलांचे वर्तुळ

स्थानिक प्रक्षेपणबंदी म्हणजे एखादा सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवायचा, पण तो जिथे खेळला जातो त्या शहरात आणि आसपासच्या मुलखात मात्र दाखवायचा नाही, असा नियम. अमेरिकेत त्याला ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा नियम या ना त्या रूपात साठ वर्षांहून अधिक काळ चालला. हा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे; लांबट चेंडू छातीशी धरून पळायचा तो अमेरिकी खेळ. १९७३पासून नियमाला तिकीटविक्रीची अट जोडली गेली. सामना सुरू होण्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटे खपली तर स्थानिक लोकांना तो घरी दिसणार, काही शिल्लक राहिली तर पडदा बंद. सामना रविवारी दुपारी १ वाजता असेल तर निकाल गुरुवारी दुपारी १ वाजता लागे.

बंदीचा घेर शहराच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी ७५ मैलांचा, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरांचा होता. हे अंतर केवढे, ते नकाशात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर मोजून पाहावे. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला, समुद्राला टेकलेल्या शंकराच्या देवळाशी, कंपासचे टोक रोवले आणि तेवढे वर्तुळ काढले, तर जवळजवळ अर्धे अरबी समुद्रात जाते. उरलेल्या अर्ध्यात उत्तरेला राजापूर आणि रत्नागिरी येतात, दक्षिणेला मालवण, सावंतवाडी आणि थेट पणजी येते, आणि सह्याद्री ओलांडून पलीकडचे कोल्हापूरही येते. चिपळूण, सांगली आणि बेळगाव बाहेर राहतात. कुणकेश्वरच्या पुळणीवर असा सामना ठरला असता आणि तिकिटे उरली असती, तर बेळगावच्या माणसाने तो घरी बसून पाहिला असता आणि कोल्हापूरच्या माणसासमोर दुसराच कार्यक्रम चालू असता. कोल्हापूरहून घाट उतरून इथवर यायला तीन-चार तास लागतात. तिकीट काढून येण्याची शक्यता त्या माणसाच्या बाबतीत किती, याचा विचार हे वर्तुळ करत नव्हते. नियमातला हा दोष पहिल्यापासून होता आणि शेवटपर्यंत राहिला.

नियमाचा उगम १९५०च्या एका फसलेल्या प्रयोगात आहे. दूरचित्रवाणी संच तेव्हा अमेरिकी घरांत नुकते शिरत होते. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने त्या हंगामातले आपले सगळे सामने, घरच्या मैदानावरचे धरून, दूरचित्रवाणीवर दाखवायचे ठरवले. संच बनवणारी अ‍ॅडमिरल ही कंपनी पुरस्कर्ती होती, आणि प्रक्षेपणामुळे तिकिटांचे जे नुकसान होईल ते भरून देण्याचे तिने कबूल केले होते. १९४९मध्ये रॅम्सच्या घरच्या सामन्यांना एकूण २ लाख ५ हजारांवर प्रेक्षक आले होते. १९५०मध्ये ते १ लाख १० हजारांच्या आसपास उतरले. संघ काही वाईट खेळत नव्हता. त्याच हंगामात तो अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोचला. लोक खेळ पाहत होते, पण आपापल्या बैठकीच्या खोलीत. अ‍ॅडमिरलला तीन लाख डॉलरांवर भरपाई द्यावी लागली. पुढच्या वर्षी रॅम्सने घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण थांबवले आणि प्रेक्षक परत आले, १९४९पेक्षाही जास्त संख्येने.

हे आकडे संघमालकांच्या मनात कायमचे बसले. त्या काळात फुटबॉल संघ जगत होता तो खिडकीवरच्या गल्ल्यावर. प्रक्षेपणाचे पैसे किरकोळ होते आणि प्रत्येक संघ ते स्वतंत्रपणे ठरवत असे. नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त बर्ट बेल हे स्वतः एके काळी संघमालक होते आणि रिकाम्या खुर्च्यांची धास्ती त्यांना चांगली ठाऊक होती. एकच वस्तू एका दारात विकायची आणि दुसऱ्या दारात फुकट वाटायची, हे चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. लीगच्या घटनेत प्रत्येक संघाला ७५ मैलांचा ‘घरचा मुलूख’ आखून दिलेला होता. बेल यांनी त्या मुलखात प्रक्षेपण रोखण्याचा नियम कडक केला.

सरकारला हे मान्य नव्हते. स्वतंत्र संघांनी एकत्र येऊन माल रोखून धरणे म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग, असे म्हणत १९५१मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने लीगवर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश अ‍ॅलन ग्रिम यांनी नोव्हेंबर १९५३मध्ये दिलेला निकाल अर्धाच लीगच्या बाजूने होता. संघ आपल्या मैदानावर खेळत असेल त्या दिवशी त्याच्या मुलखात प्रक्षेपण रोखणे वाजवी आहे, असे त्यांनी ठरवले. संघ बाहेरगावी खेळत असताना मात्र त्याच्या गावात प्रक्षेपण अडवता येणार नाही, कारण त्या दिवशी राखायला गल्लाच नाही. या निकालामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. साध्या व्यापारात एक दुकान बुडाले तर शेजारच्याचा फायदा होतो. खेळाच्या लीगमध्ये तसे नाही. दुबळा संघ बुडाला की बलवान संघाला खेळायला प्रतिस्पर्धीच उरत नाही. म्हणून दुबळ्याचा गल्ला राखणे हे सगळ्या लीगचे हित ठरते, असे न्यायालयाने मानले. बंदीच्या बाजूने मांडलेल्या सगळ्या युक्तिवादांत हाच सर्वांत सकस होता.

पण बंदी दुबळ्यांपुरती राहिली नाही. मैदान खच्चून भरलेले असले तरी ती लागू असे. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला. ६४ हजारांवर प्रेक्षक मैदानात होते. देशभर सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. निर्धारित वेळेत बरोबरी झाली, सामना जादा वेळेत गेला आणि बाल्टिमोरने तो जिंकला. व्यावसायिक फुटबॉल अमेरिकेचा लाडका खेळ झाला तो या एका दुपारपासून, असे तिथे मानले जाते. बाल्टिमोरच्या घराघरांत तो दिसला. ज्या शहरात तो चालला होता, त्या न्यूयॉर्कमध्ये दिसला नाही. योग असा की त्या दिवसांत न्यूयॉर्कची वर्तमानपत्रेही संपामुळे बंद होती. शहराजवळ उरला तो रेडिओ. काही शौकिनांनी गाडी काढली आणि शेजारच्या कनेटिकट राज्यात, वर्तुळाच्या बाहेर, मोटेलची खोली घेऊन तिथल्या संचावर सामना पाहिला. ही युक्ती पुढे अनेक शहरांत रुळली. छतावर उंच अँटेना उभारून दूरच्या केंद्राचा मुंग्या आलेला संकेत पकडणे, ही दुसरी.

१९६१मध्ये नियमाला कायद्याचे बळ मिळाले. नवे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या संघांचे प्रक्षेपणहक्क एकत्र करून एकाच वाहिनीला विकण्याचा करार केला होता. ग्रिम यांच्याच न्यायालयाने तो १९५३च्या निकालाविरुद्ध ठरवला. तेव्हा लीगने थेट काँग्रेसकडे धाव घेतली आणि ३० सप्टेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सहीने क्रीडा प्रक्षेपण कायदा झाला. संघांना हक्क एकत्र विकण्याची मुभा त्याने दिली आणि घरच्या सामन्याच्या दिवशी घरच्या मुलखातली बंदीही कायदेशीर ठरवली. त्यातले आणखी एक कलम फारसे आठवले जात नाही. शुक्रवारी संध्याकाळी शाळांचे आणि शनिवारी महाविद्यालयांचे सामने असतात. हंगामाच्या मुख्य महिन्यांत त्यांच्या ७५ मैलांच्या परिसरात व्यावसायिक सामने दाखवायचे नाहीत, असे ते सांगते. गावच्या शाळेच्या मैदानावर येणारी माणसे मोठ्या लीगने पडद्याकडे ओढून नेऊ नयेत, हा त्याचा हेतू. सबंध व्यवस्थेत खऱ्या दुबळ्याला राखणारे कलम एवढेच.

बंदीने मैदान भरतेच असे नाही, याचा पुरावा १५ जानेवारी १९६७ रोजी मिळाला. पुढे ‘सुपर बोल’ म्हणून गाजलेल्या अंतिम सामन्याचा तो पहिला प्रयोग. लॉस एंजेलिसमध्ये तो दिसणार नव्हता, तरीही तिथल्या ९० हजारांवर आसनांच्या कोलिझियममध्ये जेमतेम ६२ हजार प्रेक्षक आले. अंतिम सामना यजमान शहरात थेट दाखवला गेला तो जानेवारी १९७३मध्ये, सातव्या खेपेला.

बंदी सैल व्हायला राजधानीच कारणीभूत झाली. १९७२च्या हंगामात वॉशिंग्टनचा संघ ऐन भरात होता, त्याच्या मैदानाची तिकिटे वर्षानुवर्षे आगाऊ विकली गेलेली असत, आणि डिसेंबरमधले बादफेरीचे सामने राजधानीत दिसणार नव्हते. आमदार-खासदारांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळेच त्या वर्तुळात अडकले. राष्ट्राध्यक्ष निक्सन फुटबॉलचे निस्सीम चाहते. त्यांच्या वतीने महान्यायवादी रिचर्ड क्लाइनडीन्स्ट यांनी रोझेल यांना बादफेरीपुरती बंदी उठवण्याची विनंती केली. रोझेल यांनी नकार दिला. लीगच्या इतिहासातली ती मोठी चूक ठरली. त्याच आठवड्यात, २३ डिसेंबरला, पिट्सबर्गच्या फ्रँको हॅरिसने धडकेत उसळलेला चेंडू जमिनीपासून वीतभर अंतरावर झेलून शेवटच्या क्षणी सामना फिरवला. अमेरिकी फुटबॉलमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध झेल तो हाच, आणि पिट्सबर्गच्या घरांत तो त्या क्षणी कोणालाच दिसला नाही.

काँग्रेसने पुढच्याच हंगामाच्या तोंडावर, सप्टेंबर १९७३मध्ये, कायदा केला: ७२ तास आधी सगळी तिकिटे खपली असतील तर स्थानिक प्रक्षेपण रोखता येणार नाही. कायद्याची मुदत १९७५अखेर संपली. तोवर लीगने हवा ओळखली होती. तोच नियम तिने स्वतःहून चालू ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने केबलचालकांवर निर्बंध घातला, की स्थानिक केंद्रावर जो सामना बंद आहे तो दूरच्या केंद्रावरून ओढून आणून दाखवायचा नाही. हाच निर्बंध पुढे उपग्रह सेवांनाही लागू झाला. त्यामुळे लीगच्या खासगी नियमामागे सरकार उभे राहिले आणि मोटेलची वाट सोडली तर बहुतेक फटी बुजल्या.

सुरुवातीला या नियमाचा जाच मोठा होता. १९७४मध्ये हंगामातल्या सुमारे ५९ टक्के सामन्यांवर बंदी आली. मालकांची धास्ती निराळी होती. तिकीट आधीच खपलेले, पण रविवारी बर्फ पडले म्हणून माणूस घरीच राहिला, तर खुर्ची रिकामी, गाडीतळ रिकामा आणि खाद्यपेयांचा धंदा बुडालेला. म्हणून तिकीट असूनही न येणाऱ्यांची मोजदाद सुरू झाली. ती भीती फार खरी ठरली नाही. खेळाची लोकप्रियता वाढत गेली, हंगामाची तिकिटे आगाऊ विकली जाऊ लागली आणि बंदीचे प्रमाण दशकागणिक उतरत गेले.

तिकिटे कमी पडली की संघ आणि गावकरी मिळून काय काय करत, ते पाहिले म्हणजे नियमाचा रोजचा व्यवहार कळतो. गुरुवारची दुपार जवळ येऊ लागली की स्थानिक बातम्यांत शिल्लक तिकिटांचा आकडा सांगितला जाई. एखादे किराणा दुकान, गाड्यांचा विक्रेता किंवा खुद्द दूरचित्रवाणी केंद्र उरलेली हजार-दोन हजार तिकिटे एकगठ्ठा उचली आणि सैनिकांना किंवा शाळकरी मुलांना वाटून टाकी. संघ लीगकडे एक दिवसाची मुदतवाढ मागत, आणि ती बहुधा मिळे. जॅक्सनव्हिल संघाने २००५मध्ये निराळीच वाट काढली: आपल्या अवाढव्य मैदानातल्या सुमारे १० हजार आसनांवर ताडपत्री ओढली. झाकलेली खुर्ची मोजणीत धरत नसल्याने मैदान लवकर ‘हाऊसफुल्ल’ होऊ लागले.

२००८नंतरच्या मंदीत बंदीच्या खेपा पुन्हा थोड्या वाढल्या, आणि प्रश्न जुन्याच जागी पण नव्या शब्दांत उभा राहिला. दरम्यान बहुतेक मैदाने करदात्यांच्या पैशांतून बांधली किंवा सुधारली गेली होती. ज्याने मैदानासाठी कर भरला पण ज्याला तिकिटाचा भाव परवडत नाही, त्याच्याच घरी सामना बंद ठेवायचा, हे लोकांना पटेना. म्हातारी, अपंग, आजारी माणसे तर मैदानात जाण्याजोगी नसतात. त्यांना घरी दाखवल्याने गल्ल्यातला एक पैसाही कमी होत नाही. प्रेक्षकांच्या संघटनांनी २०११मध्ये आयोगाकडे अर्ज केला. २०१२मध्ये लीगने संघांना ८५ टक्के विक्रीवर समाधान मानण्याची मुभा दिली. २०१३च्या हंगामात २५६पैकी अवघ्या २ सामन्यांवर बंदी आली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी आयोगाने आपला निर्बंध एकमताने रद्द केला. १९७५मध्ये संघांचे मुख्य उत्पन्न तिकिटांचे होते, आता ते प्रक्षेपणाचे आहे, हे त्यामागचे साधे कारण. मार्च २०१५मध्ये लीगने पुढच्या हंगामापुरती बंदी स्थगित केली. ती पुन्हा लागू झालेली नाही.

भारतात गोष्ट उलट्या दिशेने गेली. मुंबईत दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ला आली, आणि ती सरकारीच होती. क्रिकेटच्या तिकिटांचे मोल मुंबईला पुरते ठाऊक होते. ब्रेबॉर्नवरच्या आसनांच्या वाटपावरून मुंबई क्रिकेट संघटना आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांचे इतके बिनसले की संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे वानखेडे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. पण प्रक्षेपणाला भाव नव्हता. दूरदर्शन एकटेच असल्याने सामना दाखवण्यासाठी ते क्रिकेट मंडळाकडूनच पैसे मागत असे. तंटा पेटला १९९३च्या हिरो चषकाच्या वेळी. बंगालच्या संघटनेने हक्क परदेशी कंपनीला विकले, सरकारने आडकाठी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकारी न्यायमूर्तींनी सांगितले की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि सरकारला त्यांवर मक्तेदारी सांगता येणार नाही. लहरी लोकांच्या, तर मग त्यांवरून काय दिसावे यात लोकांचा हक्क किती, हा प्रश्न अमेरिकेतल्या वादाच्या अगदी शेजारचा आहे.

खासगी वाहिन्या आल्यावर सामने पैसे भरणाऱ्यांपुरते आकसू लागले. जानेवारी २००७मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेच्या वेळी खासगी हक्कधारक आणि प्रसार भारती यांच्यात वाद झाला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला: राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा थेट संकेत हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यायचा, आणि त्यातून मिळणारे जाहिरातीचे उत्पन्न ७५ आणि २५ टक्के असे वाटून घ्यायचे. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा संकेत दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि त्याच्या मोफत डिशवरच दाखवता येईल, खासगी केबलवर नाही. अमेरिकी कायद्याने सामना रोखण्याची मुभा दिली होती. भारतीय कायद्याने तो दाखवण्याची सक्ती केली. कोकणातल्या वाडीवर, जिथे केबलची तार पोचत नाही, तिथे छपरावरच्या मोफत डिशने भारताचा सामना दिसतो तो या सक्तीमुळे.

खुद्द कुणकेश्वरच्या मुलखाला तिकीट आणि प्रेक्षक यांचे हे भांडण तसे परके आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला गावोगावच्या देवस्वाऱ्या तरंग-निशाणांसह पायी येतात आणि समुद्रात तीर्थस्नान करतात. त्यात बघ्यांसाठी कुंपण नाही. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्री दशावतार उभा राहतो, त्यालाही खिडकी नसते. पालखी फिरून झाली की देवळापुढे पेटी आणि पखवाज लागतात, आधी संकासुर येऊन जातो आणि मग आख्यान पहाटेपर्यंत रंगते. कंपनीची बिदागी देवस्थान आणि गाव आधीच ठरवतात. समोर चटईवर चाळीस माणसे असोत की चार हजार, राजाच्या मुकुटाच्या भाड्यात फरक पडत नाही, त्यामुळे शेजारच्या वाडीतल्या माणसाला लांब ठेवण्याचे कारणच कोणाला सुचत नाही. प्रक्षेपणबंदी जन्माला येते ती खेळाचा खर्च खिडकीवर वसूल करायचा असतो तिथेच.

अशी बंदी आजही जिथे शाबूत आहे तो देश म्हणजे इंग्लंड, आणि तिथला खेळ मात्र कोल्हापूरच्या तालमींना ओळखीचा असलेला फुटबॉल आहे. १० सप्टेंबर १९६० रोजी ब्लॅकपूल आणि बोल्टन यांचा लीग सामना तिथे थेट दाखवला गेला. मोठे क्लब बिथरले आणि प्रयोग लगेच गुंडाळला गेला. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्या दशकात इतर क्लबांना पटवले की शनिवारी दुपारी मोठा सामना घरी दिसला तर खालच्या विभागांतल्या छोट्या क्लबांकडे कोणी फिरकणार नाही. तेव्हापासून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवत नाहीत. युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या नियमावलीतही त्याला जागा आहे. इथे तिकिटे खपली की नाही हे पाहिले जात नाही आणि मैलांचे वर्तुळही नाही. सगळा देशच वर्तुळ आहे. करोनाच्या काळात, मैदाने प्रेक्षकांविना असताना, बंदी तेवढ्यापुरती शिथिल झाली आणि प्रेक्षक परतल्यावर पुन्हा लागू झाली.

ही बंदी देशाच्या सीमेवर संपते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यातले दुपारचे तीन वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ झालेले असतात, उन्हाळी वेळेत साडेसात. त्या वेळी कुणकेश्वरच्या पुळणीवर बसलेला मुलगा पैसे भरून, कायदेशीरपणे, मोबाइलवर जो सामना थेट पाहू शकतो, तोच सामना मैदानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या इंग्रज शेजाऱ्याला घरी बसून पाहता येत नाही. त्याला मैदानातला आरडाओरडा तेवढा ऐकू येतो.